‘बिग बॉस’चे नवे पर्व आणि मतांचा हिशेब

‘बिग बॉस मराठी’च्या नव्या पर्वाचे वेध लागले की घरात कोण जाणार याविषयी तर्ककुतर्कांना ऊत येतो. सोलापूर त्यास अपवाद नाही. शाळांच्या शिक्षककक्षांत आणि कचेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत नावांची चर्चा रंगते, आणि असल्या कार्यक्रमांनी संस्कृती बुडाली असा निर्वाळाही तेथेच दिला जातो. पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकाच तोंडून ऐकू येतात! संस्कृतीची चिंता क्षणभर बाजूस ठेवून या व्यवहाराचे अर्थकारण तपासणे अधिक उपयुक्त ठरेल.

मूळ कल्पना डच. नेदरलँड्समध्ये 1999 साली ‘बिग ब्रदर’ सुरू झाला. नाव घेतले ते जॉर्ज ऑर्वेलच्या 1949 मधील कादंबरीतील सर्वसाक्षी सत्ताधीशाचे. ऑर्वेलला ज्या पाळतीची धास्ती वाटली, तिच्यासाठी अर्धशतकानंतर माणसे स्वखुशीने पुढे आली. हिंदीत हा खेळ 2006 साली आला, मराठीत 2018 साली. मालिकेला कथा लागते, संवाद लागतात. येथे माणसाचा स्वभाव हाच कच्चा माल आहे. झोप, भूक, मत्सर आणि एकटेपणा यांतून तो आपोआप पिकतो. नियमाप्रमाणे वाहिनीला तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात. ती मिनिटे चढ्या दराने विकली जावीत म्हणून उरलेल्या मिनिटांत भांडण व्हावे लागते. तेव्हा भांडण हा या कार्यक्रमाचा दोष नसून त्याचे उत्पादन आहे.

या उत्पादनाची किंमत कोण मोजतो? याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातच आहे. बार्शीच्या तरुण कीर्तनकार शिवलीला पाटील 2021 च्या तिसऱ्या पर्वात घरात गेल्या आणि प्रकृतीच्या कारणाने लवकरच बाहेर पडल्या. वारकरी मंडळींत नाराजी उसळली. त्यांनी जाहीर माफीही मागितली. त्यांचे चुकले की टीकाकारांचे, हा वाद येथे गौण आहे. कीर्तनकाराचे भांडवल म्हणजे गावोगावच्या श्रोत्यांचा विश्वास, आणि तो वर्षानुवर्षांच्या फडावर साठतो. ते भांडवल पणाला लागले शिवलीलाताईंचे. वाहिनीच्या पदरात मात्र त्या वादाचीही प्रसिद्धीच पडली.

याउलट उदाहरण 2024 च्या पाचव्या पर्वाचे. बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण विजयी झाला आणि त्याला 14 लाख 60 हजार रुपये मिळाले. टिकटॉकवरील चित्रफितींनी तो लोकांना ठाऊक झाला होता. जून 2020 मध्ये त्या माध्यमावर बंदी आली. आई-बापाविना वाढलेल्या, जेमतेम शिकलेल्या या मुलाने सराईत कलावंतांना मागे टाकले, याचा महाराष्ट्राला आनंद झाला आणि तो खोटा नव्हता. सुशिक्षितांनी त्या आनंदाकडे नाक मुरडण्याचे कारण नाही. पण एका सूरजमागे मोबाइलसमोर उभी राहणारी हजारो मुले आहेत. विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या सोलापुरातील घरांतही ती आहेत. आईच्या विड्या कारखान्यात तपासल्या जातात, नापास झालेल्या बाजूला पडतात, तिची मजुरी तुटपुंजी असते. तरी तिच्यासाठी 1966 साली निदान स्वतंत्र कायदा झाला. मुलगा कंपन्यांसाठी फुकट चित्रफिती बनवतो, त्याच्या श्रमाची नोंद कोठेही होत नाही.

अभ्यासिकेत बसणारी मुले या मुलांना हसतात. वास्तविक मोजक्या जागांमागे हजारोंनी धावणे दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच की लोकसेवा आयोग उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, गुणांची सीमारेषा कळवतो आणि त्यावर न्यायालयात दादही मागता येते. ‘बिग बॉस’च्या घरातून दर आठवड्याला कोणी ना कोणी ‘जनतेच्या मतांनुसार’ बाहेर जातो, पण कोणाला किती मते पडली हा आकडा सहसा जाहीर होत नाही. आधीची पर्वे सुमारे शंभर दिवस चालली. पाचवे सत्तर दिवसांत आटोपले. तो निर्णयही अर्थात मतदारांचा नव्हता.

खाजगी कंपनीने आपला खेळ कसा चालवावा हा तिचा प्रश्न, असे यावर म्हटले जाईल. ते मान्य करता येईल, परंतु मग जनतेच्या कौलाची भाषा तिने सोडली पाहिजे. मत मागायचे असेल तर हिशेबही दिला पाहिजे. नव्या पर्वात दर आठवड्याची मते स्पर्धकनिहाय जाहीर करणे आणि मोजणी त्रयस्थ लेखापरीक्षकाकडून तपासून घेणे यात तांत्रिक अडचण कोणतीच नाही. मोबाइलवर आलेले प्रत्येक मत कंपनीच्या संगणकात नोंदलेलेच असते.