यंत्राची वाट आणि गुरांचा घाट

परदेशीं भाड्यानें मोटार घेऊन ती स्वतः हांकीत हिंडण्याची सोय आतां आपल्यासारख्या कुटुंबांच्याही आटोक्यांत आली आहे. मुलें तिकडे नोकरीस असतात, वडील मंडळी उन्हाळ्यांत जातात, आणि मग आठ-दहा दिवस सर्वांनीं मिळून कोठें तरी फिरावें असें ठरतें. अशा वेळीं मोटारीबरोबर वाट सांगणारें एक लहानसें यंत्रही भाड्यानें मिळतें. त्यालाच आपल्याकडे सर्रास जी.पी.एस. म्हणतात. या यंत्रापायीं आमच्या घरांत गेल्या वर्षीं एक प्रसंग घडला. तो या सदराच्या वाचकांस सांगावा असें बरेच दिवस मनांत होतें. पण त्यांत दोष कोणाचा हें ठरविल्यावांचून लिहूं नये, म्हणून थांबलों होतों. तें अद्याप पुरतें ठरलेलें नाहीं. तरी लिहितों.

स्कॉटलंडच्या उत्तर भागांत इन्व्हर्नेस म्हणून शहर आहे, तेथें आम्हीं मोटार घेतली. मंडळी पांच: माझे वडील बंधु—त्यांना आम्ही सारे दादा म्हणतों—वहिनी, त्यांचे चिरंजीव, माझी पत्नी व मी. मोटार पुतण्यानें हांकावयाची होती. तिकडे आपल्याप्रमाणेंच वाहनें डाव्या बाजूनें चालतात, व पाहुणा म्हणून गेलेल्या माणसास आपल्या भारतीय परवान्यावर एक वर्षपर्यंत मोटार हांकतां येते, त्यामुळें त्याची कांहींच अडचण नव्हती. दादांचें वय चौऱ्याहत्तर. त्यांची सारी हयात पाटबंधारे खात्यांत गेली. समोच्च रेषांचा नकाशा त्यांना पंचांगाइतका सहज वाचतां येतो. इन्व्हर्नेसच्या एका पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनीं तेथील सरकारी पाहणीखात्याचा, सव्वा इंचास एक मैल या प्रमाणाचा नकाशा मोठ्या हौसेनें विकत घेतला आणि तो मांडीवर पसरून ते पुढच्या आसनावर बसले.

पहिल्याच दिवशीं अडचण आली. “पूल ओलांडल्यावर उजवीकडे घे,” असें दादा म्हणावयास आणि यंत्रांतील बाईनें तेंच इंग्रजींत सांगावयास एकच गांठ पडली. दोन-तीनदां असें झाल्यावर पुतण्या म्हणाला, “बाबा, यंत्र सांगतें आहे ना, दोघांचें एकदम ऐकूं येत नाहीं.” तो कांहीं उद्धटपणें बोलला नाहीं, व त्याचें म्हणणें खोटेंही नव्हतें. दादांनीं नकाशाची घडी घातली. पुढें दोन दिवस ते देखावा पाहत बसले. वहिनींच्या तें लक्षांत आलें होतें, माझ्याही आलें होतें. आम्ही कोणी कांहीं बोललों नाहीं.

तिसऱ्या दिवशीं वहिनींनीं मला विचारिलें, “भावोजी, वरून कोणी आपल्याकडे सारखें पाहत असतें का हो? मोटार वळली कीं त्याला लगेच कसें कळतें?” हा समज पुष्कळांचा असतो. वास्तविक वरून कोणीही पाहत नाहीं. अमेरिकेनें सोडलेले चोवीस किंवा अधिक उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोंवतीं दिवसाकाठीं दोन फेऱ्या घालीत असतात, आणि त्यांतील प्रत्येक जण ‘मी अमुक ठिकाणीं आहें व माझ्या घड्याळांत आतां इतके वाजले’ एवढेंच सारखें सांगत असतो. आपलें यंत्र तें नुसतें ऐकतें. संदेश येऊन पोंचण्यास लागलेल्या वेळावरून त्या उपग्रहाचें अंतर निघतें. चार उपग्रहांचे संदेश मिळाले कीं आपण कोठें आहों हें गणितानें ठरतें. हें गणित इतकें नाजूक आहे कीं, सापेक्षतावादाच्या नियमांमुळें त्या उंचीवरील घड्याळ दररोज सेकंदाच्या दशलक्षांशाच्या अडतीस पटीनें पुढें जातें, तेंही हिशेबांत धरावें लागतें. न धरल्यास एका दिवसांत दहा किलोमीटरांहून अधिक चूक पडेल.

ही सोय जगाला फुकट मिळते, यामागें एक दुःखद हकीकत आहे. १९८३ सालीं कोरियाचें एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएट हद्दींत शिरलें. तें पाडण्यांत आलें आणि २६९ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर, मूळ लष्करासाठीं चाललेली ही योजना पुरी होतांच सर्वांस खुली राहील, असें अमेरिकेच्या अध्यक्षांनीं जाहीर केलें. तरीही सामान्य लोकांसाठींच्या संदेशांत मुद्दाम थोडी चूक मिसळलेली असे. ती २००० सालच्या मे महिन्यांत काढून टाकण्यांत आली. मोटारींतील यंत्रें खरीं उपयोगी झालीं तीं त्यापुढेंच.

पण उपग्रहांमुळें कळतें तें इतकेंच, कीं तुम्ही येथें आहां. येथून पुढें जावें कसें, हें त्या उपग्रहांच्या गांवींही नसतें! तें यंत्राच्या पोटांतील नकाशा सांगतो, आणि तो नकाशा माणसांनीं भरलेला असतो. शिवाय त्याला आपण सांगूं तेंच गांव कळतें. टार्बर्ट या नांवाचीं गांवें स्कॉटलंडांत एकाहून अधिक आहेत—एक पश्चिम किनाऱ्यावरील किनटायर द्वीपकल्पांत, तर दुसरें समुद्रापलीकडे हॅरिस बेटावर—कारण दोन पाण्यांमधील ज्या चिंचोळ्या पट्टीवरून होड्या ओढून नेतां येत, तिला गेलिक भाषेंत तसें म्हणत. आपल्याकडे पिंपळगांव आणि वडगांव जिल्ह्याजिल्ह्यांत सांपडतात, तसेंच तें. आइसलंडांत २०१६ सालीं तर एका अमेरिकन प्रवाशाच्या यंत्रांत राजधानींतील ‘लौगावेगुर’ या रस्त्याच्या नांवांत एक ‘र’ अधिक पडला आणि बर्फांतून सुमारें चारशें किलोमीटर हांकीत तो देशाच्या उत्तर टोंकाच्या एका मासेमारीच्या गांवीं जाऊन पोंचला. त्या नांवाचा रस्ता तेथेंही होता. यंत्र चुकलें नव्हतें.

आमचेंही यंत्र चुकलें नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों. चौथ्या दिवशीं आम्हांस ॲपलक्रॉस नांवाच्या गांवीं जावयाचें होतें. ६७३ सालीं संत मेलरुव्हा यांनीं तेथें मठ स्थापिला. गेलिक भाषेंत त्या जागेचें नांव ‘अभयस्थान’ अशा अर्थाचें आहे. टॉर्नाप्रेस येथें रस्ता फुटतो. डावीकडची वाट घाटानें अकरा मैलांची. सरळ जाऊन शील्डेगवरून समुद्राच्या कडेकडेनें गेल्यास याच्या तिपटीच्या जवळपास अंतर पडतें. किनाऱ्याचा हा रस्ता १९७०नंतरच्या दशकांतला. त्यापूर्वीं जमिनीवरून जावयाचें तर हा घाटच काय तो मार्ग होता. त्याचें नांव ‘ब्यालख न बा’, म्हणजे गुरांचा घाट. पूर्वीं गुरांचे कळप याच वाटेनें बाजारास हांकीत नेत. उंची ६२६ मीटर, म्हणजे आपल्या बोरघाटाच्या माथ्याएवढी. परंतु चढावयास समुद्रसपाटीपासूनच आरंभ होतो, चढ कांहीं ठिकाणीं पांचास एक, आणि रस्ता एका गाडीच्या रुंदीचा. समोरून गाडी आली तर मधून मधून बगलेस जागा ठेविल्या आहेत, तेथें एकानें थांबावयाचें असतें.

फाट्यावर मोठी पाटी आहे. शिकाऊ चालकांनीं, अवजड वाहनांनीं व घरगाडी ओढणाऱ्यांनीं पहिल्या मैलापुढें जाणें इष्ट नव्हे, असें तींत बजावलें आहे. दादांनीं नकाशा उघडला, समोच्च रेषांच्या दाटीवर बोट ठेवून म्हणाले, “रस्त्यावर हे बाण काढले आहेत, ते चढाचे. वर ढग उतरला आहे. किनाऱ्यानें जाऊं.” पुतण्या म्हणाला, “बाबा, आपण शिकाऊ नाहीं, आणि यंत्र हीच वाट सांगतें आहे. अर्ध्या तासाचें काम.” दादा पुढें बोलले नाहींत. मी मागें बसून सर्व ऐकत होतों. एक शब्द टाकिला असता तर पुतण्यानें काकाचें ऐकलें असतें, हें मला ठाऊक होतें. पण बापलेकांच्या मध्यें कशाला पडा, म्हणून मी खिडकीबाहेर पाहत राहिलों.

निम्मा घाट चढल्यावर धुकें इतकें दाटलें कीं, पुढचें वळण दिसेना. त्यांतून एकाएकीं दोन दिवे आणि त्यांमागें एक प्रचंड घरमोटार उतरत आली. तिकडचा शिष्टाचार असा कीं, शक्य तेथवर चढणाऱ्यास वाट द्यावी; पण तिला एवढ्या चढावर मागें सरणें साधेना. मागें आम्हांसच जाणें प्राप्त झालें. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास दरी. पुतण्याचे हात चाकावर थरथरूं लागले. मोटार एक हात मागें गेली, तिरपी झाली, थांबली. माझ्या पत्नीनें डोळे मिटून घेतले होते. यंत्राच्या पाटीवर मात्र निळी रेघ स्वच्छ होती. तींत धुकें नव्हतें, दरी नव्हती, घरमोटार नव्हती, आणि पोंचण्यास तेवीस मिनिटें असा आंकडा शांतपणें उभा होता.

दादा दार उघडून खालीं उतरले. नकाशा तसाच हातांत होता. मागें जाऊन, गाडीच्या मागील दिव्यांच्या उजेडांत ते उभे राहिले आणि पांढरा नकाशा हालवीत, एक एक पाऊल मागें सरत, मोठ्यानें सांगूं लागले: “ये... सरळ ये... चाक थोडें डावीकडे... थांब.” आंबा घाटांत खात्याची जीप अशीच कित्येकदां मागें आणविली होती, असें ते मागाहून म्हणाले. पन्नास-साठ पावलांवर बगलेची जागा होती, तेथवर येण्यास आम्हांस दहा मिनिटें लागलीं असावीं. घरमोटारीच्या चालकानें जातां जातां हात वर केला. दादा आंत येऊन बसले तेव्हां त्यांचे केस, चष्मा, सारें ओलें झालें होतें. वहिनींनीं मागून न बोलतां आपल्या शालीचें टोंक पुढें केलें.

ॲपलक्रॉसला पोंचल्यावर चहा घेतांना पुतण्या म्हणाला, “बाबा, परतीची वाट तुम्हीच सांगा.” दादा म्हणाले, “मघाशीं मी एकदांच सांगून गप्प बसलों. दुसऱ्यांदा सांगावयास हवें होतें.” मी कपांत पाहत राहिलों.

परततांना आम्ही किनाऱ्यानें आलों. यंत्र कित्येक मैल ‘मागें वळा’ म्हणून आर्जव करीत होतें. पुतण्यानें तें बंद करूं का म्हणून विचारिलें, तर दादांनीं तें चालूंच ठेवावयास सांगितलें. फक्त आवाज बंद करविला. आपण नेमके कोठें आहों हें त्यावर पाहावयाचें आणि पुढचें नकाशावर, अशी त्यांची वांटणी झाली. त्या डोंगरांत मोबाइलला रेंज मिळत नव्हती. यंत्रास मात्र तिची गरज नसते, नकाशा आधींच भरून ठेवलेला असला म्हणजे झालें. रात्रीं यंत्र नीट उघडून पाहिलें तों आमच्या आधींच्या भाडेकऱ्यानें ‘सर्वांत कमी अंतर’ असें ठरवून ठेविलेलें आढळलें. वेळेचा हिशेब लाविला असता तरी त्यानें बहुधा घाटच सांगितला असता, म्हणून त्या परक्या गृहस्थास मी दोष देत नाहीं. पण त्याच्या घरचा संपूर्ण पत्ताही त्यांत तसाच राहिला होता, तो आम्हीं पुसला. आणि मोटार परत करतांना आपलेही पुसले. जाणाऱ्यांनीं या दोन्ही गोष्टी मोटार ताब्यांत घेतांना व देतांना अवश्य पाहाव्या.

दादांचा नकाशा ओला होऊन घडीवर फाटला होता. वहिनींनीं तो मुक्कामावर खुर्चीच्या पाठीवर वाळत घातला, आणि सकाळीं पुतण्यानें चिकटपट्टी आणून तो मागून जोडला.