आगाऊ टीप

मंगळवारी रात्री चाकणच्या तळेगाव चौकात रिक्षाची वाट पाहत होतो. सेकंड शिफ्ट नुकतीच सुटलेली. अॅपवर रिक्षा मिळेना, तेव्हा अॅपनेच विचारलं : चालकाला टीप किती देणार, दहा, वीस की तीस? माणसाचा अजून पत्ता नाही आणि त्याच्या सेवेवर आपण खूश व्हायचं! तीस दाबले. रिक्षा दोन मिनिटांत हजर.

'आगाऊ' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. इथे दोन्ही लागू पडतात. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशाच टिपेवरून उबरला नोटीस काढली, तेव्हा मी या सदरात टाळ्या पिटल्या होत्या. 'पैसे तर रिक्षावाल्यालाच मिळतात ना?' असं सुनावणारी पत्रं आली. मिळू देत की. मग सरळ भाडं वाढवा, त्याला माझं औदार्य कशाला म्हणता?

औदार्यच पाहायचं तर खेड तालुक्यातल्या यात्रेचा कुस्तीचा आखाडा आठवा. भोंग्यावर पुकारा होतो, अमक्या पाटलांकडून पाचशे एक! लगेच पलीकडचे शेठ हजार एक काढतात. जमिनी कंपन्यांना गेल्यावर हे आकडे फुगले, ईर्षाही फुगली. सगळा मोठेपणाचाच मामला, मान्य. पण पाटलांनी कुस्ती डोळ्यांनी पाहिलेली असते. चांगला लढला तर पडलेल्या पोराच्या हातावरही नोट पडते. देणारा, घेणारा आणि बघणारे एकाच मातीभोवती असतात.

आता हॉटेलात या. बडीशेपेच्या वाटीत दहाची नोट ठेवताना शेजारच्या टेबलाची लाज असायची. आता तीनशे सत्तेचाळीस म्हणजे तीनशे सत्तेचाळीसच स्कॅन होतात. गल्ल्यावरचा डबा भोंग्यासारखाच आकडा पुकारतो, पण मालकासाठी. वाढप्याच्या नावाने तिथे कधीच काही पुकारलं जात नाही.

आणि माझे तीस रुपये खरे कशाचे? चाकणच्या कोंडीचे. मोशी येईस्तोवर रिक्षा चालली कमी, उभी जास्त. "काका, तीस दिसल्याशिवाय या चौकात कोण येतंय?" रिक्षावाला म्हणाला. म्हणजे रस्त्याचा दंड मी भरतोय, तोही दानशूर म्हणवून घेत.

भोसरीत उतरताना त्याच्या हातावर आणखी वीसची नोट ठेवली. तो खिसे चाचपू लागला.

"सुट्टे नाहीत हो काका, स्कॅनच करा ना."