फूट नेमका कोणता?

गेल्या महिन्यात रोमन भूमापनावरचा एक लेख आमच्याकडे आला. अभ्यास मनापासूनचा, भाषा स्वच्छ. मात्र ज्यूलियस सीझरने जिनिव्हा सरोवरापासून जुरा पर्वतापर्यंत बांधलेल्या तटाची लांबी त्यात ३०.५७८ किलोमीटर दिली होती. सीझरने स्वतः लिहून ठेवलेला आकडा १९ मैलांचा आहे. लेखकाने त्याला आपल्या ओळखीच्या इंग्रजी मैलाने गुणले. रोमन मैल सुमारे १,४८० मीटरचा. त्या हिशेबाने तट २८ किलोमीटरचा होतो. एका गुणाकारात अडीच किलोमीटर वाढले आणि तीन दशांश स्थळांमुळे चुकीला अचूकपणाचा तोंडवळा आला. लेख दुरुस्त झाला. पण ही चूक आपल्या व्यवसायात कुणाच्याही हातून होऊ शकते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहायला हवे.

रोमन मापांचा पाया म्हणजे ‘पेस’, अर्थात फूट. तो सुमारे २९६ मिलिमीटरचा. त्याचे सोळा भाग केले की एका बोटाची रुंदी, चार केले की चार बोटांचा तळवा आणि बारा केले की ‘उन्किया’. इंग्रजीतला इंच याच शब्दातून आला. मधोमध बिजागरी असलेल्या, घडी घालून जवळ बाळगायच्या काशाच्या फूटपट्ट्या आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्यांच्या निरनिराळ्या कडांवर सोळा, बारा आणि चार भागांच्या खुणा आहेत. एकाच माणसाला दिवसभरात तिन्ही भागणी लागत असणार, हे ती पट्टी पाहूनच कळते.

पाच पेसांचा एक ‘पास्सुस’ आणि हजार पास्सुसांचा एक मैल. इथे मराठीत लिहिणाऱ्याने विशेष जपायला हवे. पेसलाही आपण ‘पाऊल’ म्हणू शकतो आणि पास्सुसलाही. शिवाय पास्सुस म्हणजे आपले साधे पाऊल नाही: उजवा पाय उचलला तिथपासून तोच पाय पुन्हा टेकला तिथपर्यंतचे अंतर, म्हणजे दोन पावले. ‘हजार पावले’ असे भाषांतर केले की मैल निम्म्यावर येतो.

आता २९६ मिलिमीटर आले कुठून? रोममधल्या कॅपिटोल टेकडीवर यूनो मोनेटा देवीच्या मंदिरात प्रमाण फूट ठेवलेला असे. म्हणून त्याला ‘पेस मोनेटालिस’ हे नाव. तो आज उपलब्ध नाही. फूटपट्ट्या, थडग्यांवर कोरलेली मापे आणि इमारती यांवरून आपण त्याची लांबी काढतो. मॅथ्यू रेपर यांनी १७६० साली रोमन इमारतींच्या मापांवरून हाच शोध घेतला होता. पण इमारतीतही माप कुठून कुठे घ्यायचे हे ठरवावे लागते. पँथिऑनचा आतला मोकळा व्यास सुमारे ४३.३ मीटर, म्हणजे १४६ रोमन फूट. हा आकडा अडनिडा वाटतो. तोच व्यास समोरासमोरच्या खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत घेतला, की जवळजवळ १५० फूट भरतो. बांधणाऱ्याने आखणी मध्यरेषेवर केली होती.

भूमापकाला सर्वांत भरवशाचा पुरावा जमिनीवर मिळतो. रोमन मोजणीदारांनी ‘ग्रोमा’ हे काटकोन आखायचे उपकरण लावून शेतजमिनीची चौकोनी आखणी केली. उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यातले रस्ते आणि बांध आजही त्याच रेषांवर आहेत. एका चौकोनाची बाजू २,४०० फुटांची आणि प्रत्यक्षात ती सुमारे ७१० मीटर भरते. भागाकार केला की २९६ मिलिमीटर हाती येतात. पट्टीवर न जाणवणारा एक मिलिमीटरचा फरक या बाजूवर २.४ मीटरचा होतो. म्हणून लांब अंतर आखूड पट्टीपेक्षा खरे बोलते.

तरीही सगळीकडे हाच फूट चालत नव्हता. रोमन मोजणीदार हिगिनुस लिहितो, की तुंग्री लोकांच्या मुलखात ‘द्रुसुसचा फूट’ वापरतात आणि तो मोनेटालिसहून दीड उन्कियाने मोठा आहे. म्हणजे सुमारे ३३३ मिलिमीटर. क्षेत्रफळात हा फरक वर्गाने वाढतो. ‘युगेरुम’ म्हणजे एका बैलजोडीची दिवसभराची नांगरट, २४० बाय १२० फूट. आपले ‘जू’ आणि हा शब्द एकाच मुळातले. नेहमीच्या फुटाने युगेरुम सुमारे २,५२३ चौरस मीटर, म्हणजे आपले २५ गुंठे होते. तेच माप द्रुसुसच्या फुटाने काढले तर साडेएकतीस गुंठ्यांच्या वर जाते.

हे आपल्याही दाराशी आहे. शिवकाळातली काठी पाच हात पाच मुठींची. हात कुणाचा, हे न ठरवता तिचे मीटर करणे म्हणजे अंदाजाला पुरावा म्हणणे. साखळीचे तेच. ३३ फुटांच्या साखळीचे सोळा आणे, म्हणून एक आणा सुमारे ६३ सेंटिमीटरचा. जिथे मोजणी पूर्ण आण्यापर्यंतच झाली, तिथल्या आकड्याला सेंटिमीटरची अचूकता आपल्याला नंतर देता येत नाही.

म्हणून या अंकापासून आम्ही तीन गोष्टींचा आग्रह धरणार आहोत. जुने माप आधी त्याच्या मूळ आकड्यात आणि मूळ एककात द्यावे. रूपांतरासाठी फूट, हात किंवा काठी किती मिलिमीटरची धरली ते तिथेच लिहावे. आणि उत्तर मूळ आकड्याच्या अचूकतेइतकेच ठेवावे: १९ मैलांचे २८ किलोमीटर, २८.१२ नव्हे. उद्या कुणी नवी फूटपट्टी शोधून काढली, तर मूळ आकडा शेजारी असल्यामुळे त्याला आपला हिशेब दोन मिनिटांत सुधारता येईल. मोजणीदार म्हणून पुढच्या पिढीचे एवढे देणे आपण लागतो.