प्रवेश मिळाला, पुढे काय?

2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील 21 दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. पण खरी कसोटी प्रवेशानंतर लागते. शाळेतला ठरलेला वर्ग, ओळखीचे शिक्षक सुटतात. महाविद्यालयात तासागणिक खोली बदलते, तास ऐनवेळी रद्द होतो, गोंगाट असतो. स्वमग्न विद्यार्थी अनेकदा अभ्यासापेक्षा या अनिश्चिततेने खचतो. लेखनिक आणि जादा वेळ परीक्षेपुरतेच कामी येतात. सत्राआधी परिसर दाखवणे, बदल आगाऊ लेखी कळवणे, अडचणीसाठी एकच प्राध्यापक नेमणे याला फारसा खर्च येत नाही. गरजेनुसार सोयी देणे कायद्यानेच बंधनकारक आहे; ती मेहेरबानी नव्हे.