जुने कम्प्युटर चालू ठेवायचे कशाला?

कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथल्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये ‘व्हिंटेज कम्प्युटर फेस्टिव्हल वेस्ट’ भरतो. मी गेलो होतो. जुन्या कम्प्युटरची जत्राच म्हणा ना! इथे बरीच मशीन काचेमागे नसतात. कमोडोर ६४ चालू असतो. बसा आणि बेसिकमध्ये दोन ओळी टाईप करा. १९८२ चं मशीन, मेमरी ६४ केबी. आपल्या फोनमधला एक साधा फोटोही त्यात मावणार नाही.

१९७५ चा अल्टेअर ८८०० त्याहून भारी. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. पुढचे स्विच वर-खाली करून एकेक बाइट भरायचा. मी रोज कोड लिहितो, पण प्रोग्राम मेमरीत जातो म्हणजे काय होतं, ते त्या लुकलुकणाऱ्या दिव्यांमुळे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

यातली कितीतरी मशीन हौशी लोकांच्या घरची. कपॅसिटर खराब होतात, बॅटरी गळून बोर्ड कुरतडते, फ्लॉपी वाचता येईनाशी होते. हे लोक सोल्डरिंग गन घेऊन बसतात आणि दुरुस्त करतात.

हे महत्त्वाचं का, ते सिअॅटलमध्ये दिसलं. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी तिथे चालू स्थितीतल्या जुन्या कम्प्युटरचं संग्रहालय उभं केलं होतं. २०१८ मध्ये ते गेले, २०२० मध्ये संग्रहालयाचं दार बंद झालं, २०२४ मध्ये ते कायमचं बंद होणार असं जाहीर झालं आणि काही वस्तू लिलावात गेल्या. एका माणसाच्या पैशावर उभा असलेला वारसा किती टिकणार?

मशीन नसेल तर एम्युलेटर असतो, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. पण त्यालाही मूळ फाइल आणि मूळ प्रोग्राम लागतोच. आणि इथेच मला घरची गोष्ट आठवली.

माझे काका डीटीपी करायचे. त्यांच्या एका जुन्या सीडीत गावच्या वाचनालयाची स्मरणिका होती. सीडी चालली, फाइल उघडली, पण स्क्रीनवर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला!

झालं काय होतं? युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे. त्याआधीच्या बऱ्याच मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचा आकार बसवलेला असायचा. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फॉन्ट हरवला की मजकूर असूनही वाचता येत नाही.

आपण वारसा म्हटलं की १९९१ चा पुण्याचा परम ८००० आठवतो, आणि आठवायलाच हवा. पण छापखाने, शाळा, पतसंस्था, दिवाळी अंक यांच्या जुन्या फाइलींचं काय? त्या कुठल्याच संग्रहालयात जाणार नाहीत.

तेव्हा घरात अशी सीडी असेल तर आधी तिची कॉपी काढा. मूळ फाइल आणि फॉन्ट दोन्ही जपा. मग युनिकोडमध्ये बदलून जोडाक्षरं नीट आली का, ते कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि हे काम ज्यांनी ती फाइल केली, ती माणसं सोबत आहेत तोवरच उरका. काकांना कोणता फॉन्ट वापरला होता ते अजून आठवत होतं, म्हणून आमची स्मरणिका वाचली.