पात्र, अपात्र आणि मधली बाई

शेतकऱ्यानं आत्महत्या केली की घरी आधी पोलीस येतात, मग तलाठी. तुळजापूर तालुक्यातलं कुठलंही गाव घ्या, क्रम हाच. सातबारा, आठ-अ, बँकेची थकबाकी, शवविच्छेदनाचा अहवाल अशी जुळवाजुळव तेरावं उरकायच्या आधीच सुरू होते. सोबत प्रश्न. दारू प्यायचे का? घरात भांडण झालं होतं का? डोक्यावर परिणाम झाला होता का? ओसरीवर दीर, दारात शेजारी, मांडीशी पोरं. एवढ्यांच्या देखत उत्तर द्यायचं ते गेलेल्याच्या बायकोनं.

२३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार अशा कुटुंबाला १ लाख रुपये मिळतात. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. पण जिल्हा समितीनं प्रकरण ‘पात्र’ ठरवलं तरच. नापिकी, थकलेलं कर्ज आणि वसुलीचा तगादा यांतून मरण आलं, हे कागदावर दिसावं लागतं. आजारपण, व्यसन, घरगुती वाद अशी नोंद झाली की प्रकरण ‘अपात्र’कडे झुकतं. मग बायका शहाण्या होतात. नवरा महिनोन्‌महिने झोपत नव्हता, सोलापूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, हे बोलायचं नाही. डॉक्टरांची चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत तळाशी जाते.

याच सरकारनं २०१५ मध्ये आपल्या जिल्ह्यासह १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. आशाताईंनी घरोघरी जाऊन खचलेला माणूस हेरायचा आणि त्याला समुपदेशनापर्यंत न्यायचं, अशी योजना. म्हणजे नवरा जिवंत असताना आशाताई म्हणणार, मनातलं सांगा. तो गेल्यावर तेच सांगितलं तर लाखावर पाणी!

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ याहून समजूतदार आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं ते गृहीत धरतं, त्याच्यावर खटला नको म्हणतं आणि त्याच्या उपचार-पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतं. जो वाचला त्याच्यावर विश्वास. जो गेला त्याच्या बायकोची मात्र उलटतपासणी. तीही आघातातून जाते आहे, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. घरात गतिमंद मूल असेल तर त्याचं दिव्यांग प्रमाणपत्र निघालंय का, हेही त्या पंचनाम्यात कोणी विचारत नाही.

शेतकरी चळवळीतले मित्र बजावतात, आजाराचं नाव काढलं की सरकार सोयाबीनचा भाव आणि पीकविमा यांतून हात झटकेल. भीती रास्त आहे. पण कर्जानंच झोप उडते आणि झोप उडालेल्या माणसाला कर्जातून वाट दिसत नाही. यातलं एकच कारण निवडा, असं विधवेला सांगणारे आपण कोण?

चौकशी नको असं मी म्हणत नाही. पैसा सार्वजनिक आहे. पण चौकशीआधी आशाताई आणि समुपदेशक घरी जाऊ देत, कुठलाही कागद न घेता. जबाब एकदाच, आडोशाला, बाई कर्मचाऱ्यानं घ्यावा. तोच सगळ्या खात्यांनी वापरावा. दिव्यांग प्रमाणपत्राचं शिबिर तुळजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात भरवावं. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावा. माणसं नाहीत म्हणाल, तर टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र १९८६ पासून तुळजापुरातच आहे. समाजकार्य शिकणाऱ्या मुलांना यात घ्या.

एवढं जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर होऊ शकतं. आजार आहे म्हणून ‘अपात्र’, याची दुरुस्ती मात्र मंत्रालयात व्हायला हवी. त्यासाठी त्या बाईनं मुंबईची एसटी धरायची गरज नाही. आमदार निवडून दिलेत ते कशाला?