डबे एकत्र करा

पौष लागला की आमच्या टेंभुर्णीकडे ज्वारी हुरड्याला येते, हरभऱ्याला घाटे धरतात, आणि उत्साही मंडळींचे निरोप फिरू लागतात, "रविवारी शिवारफेरी आहे, डबा घेऊन या." पुण्या-मुंबईच्या आमच्या भाचरांना ही हुरडा पार्टीच वाटते. तसं नाही हो. हुरडा पार्टीत माणशी पैसे भरायचे आणि बसून खायचं. शिवारफेरीत आधी चालायचं. कुठला बांध फुटलाय, कुठला नाला गाळानं भरलाय, कोणाच्या विहिरीनं आत्ताच तळ गाठलाय, हे डोळ्यांनी बघायचं. मग झाडाखाली जेवायचं.

मला बोलायचंय ते या जेवणाबद्दल. चालताना सगळे एकत्र असतात. डबे उघडले की मात्र आपापले घोळके होतात. भावकी एका झाडाखाली, दुसऱ्या आळीची माणसं दुसऱ्या झाडाखाली. मुद्दाम कोणी करत नाही, पण होतं.

आणि हल्ली जास्त होतं. २०२३ साली आपल्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचं आंदोलन राज्यभर गेलं. २०२४ मध्ये जवळच्याच वडीगोद्रीत ओबीसींच्या बाजूनं उपोषण झालं. कोणाचं खरं, हा वाद मी इथे घालत नाही. तो न्यायालयात आणि सरकारदरबारी व्हायचा तो होईल. पण वर्षानुवर्षांचे दोस्त एकमेकांकडे चहाला जाईनासे होतात, तेव्हा नुकसान गावाचं होतं.

कारण पाण्याला गट नंबर कळत नाही आणि जातही कळत नाही. वरच्या रानात बांध नीट असेल तर खालच्याच्या विहिरीला पाणी राहतं. वरचा एका समाजाचा, खालचा दुसऱ्या, असं सगळीकडेच असतं. जालना तालुक्यातल्या कडवंचीचं नाव आज सगळे घेतात. तिथे १९९६ पासून इंडो-जर्मन कार्यक्रमातून माथा ते पायथा पाणलोटाचं काम झालं. पुढे शेततळी झाली आणि २०१२ च्या दुष्काळातही द्राक्षबागा तगल्या. माथा ते पायथा म्हणजे मधलं एकही रान वगळायचं नाही. एकानं जरी "माझ्या शेतातून चर नको" म्हटलं तरी काम अडतं. असा होकार कागदावर सही घेऊन मिळत नाही, त्याला ओळख आणि विश्वास लागतो.

कोणी म्हणेल, गुरुजी, एका पंगतीनं काय होणार? एका पंगतीनं काहीच होणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. बाबा आढावांनी १९७२ मध्ये 'एक गाव एक पाणवठा' सुरू केलं, तेही गावोगाव हिंडूनच करावं लागलं. पण ज्याच्या घरची भाकरी खाल्ली, त्याच्याशी बांधावरून भांडताना जीभ जरा अडखळते. तेवढंही पुष्कळ आहे.

काला आपल्याला नवा नाही. कीर्तनाच्या सप्ताहात आपण तो दरवर्षी भक्तिभावानं खातो. मग शिवारात का नको?

तेव्हा या थंडीत फेरी काढणार असाल तर एवढं करा. झाडाखाली एक मोठं फडकं अंथरा. सगळ्यांच्या भाकरी एकात, ठेचा-पिठलं एकात, भाज्या एकात. कोणाचं काय, हे कळता कामा नये. मग एकाच पंगतीत बसा.

बघा पटतंय का.